खंडेनवमीचा कोयता

कोयता भिंतीवर टांगून ठेवणारी बाई बबीतानं जन्मात पाहिली नव्हती. कोयता असायचा कमरेला, नाहीतर बैलगाडीच्या साटीला खोचलेला, फार तर पाचटाच्या कोपीच्या मेढीला अडकवलेला. इथं मात्र, कतारच्या दोह्यात, अल अझीझियातल्या गारेगार फ्लॅटमध्ये, तो काचेच्या चौकटीत घालून लिहायच्या टेबलामागच्या भिंतीवर टांगला होता, आणि तोही गंजून काळा-तांबडा पडलेला. आपल्याकडच्यासारखा वाकडा नव्हता, लांब आणि सरळ होता. पण मुठीचं लाकूड अंगठ्याच्या जागी झिजलेलं होतं, आणि ती झीज बबीतानं पहिल्याच दिवशी ओळखली. असं लाकूड झिजतं ते फक्त उसाच्या फडात.

ओळखणारच, दुसरं काय! बीड जिल्ह्यातली बाई, लग्न होऊन सासरी गेली ती थेट कारखान्याच्या टोळीतच. ऊसतोडीतलं ज्यांना ठाऊक नाही त्यांना एक सांगून ठेवतो. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा बाप्या असला तर तो अर्धा कोयता. एकटी बाई असली तर तिला कोणी विचारतसुद्धा नाही. मुकादमाला पुरा कोयता लागतो, म्हणून पोरापोरींची लग्नं मिसरूड फुटायच्या आणि न्हाण यायच्या आत उरकतात, आणि वर सगळे म्हणतात की रीतच आहे. आग लागो असल्या रीतीला.

बबीताचा नवरा आबासाहेब. नावात आबा होता, साहेब होता, अंगात दोन्हीतला एकही नव्हता. तो मारायचा. दारू प्यायला की मारायचा आणि नाही मिळाली की जास्त मारायचा. हाताला येईल त्यानं, मोळीच्या दोरीनं, उसाच्या वाढ्याच्या पेंढीनं, चुलीतल्या लाकडानं. कोपीला भिंती कुठल्या, पाचटाचा नुसता आडोसा, त्यामुळं साऱ्या टोळीला रात्रभर ऐकू जायचं. तरी सकाळी बाया विचारायच्या, काय गं बबे, काय झालं? आणि बबीता सांगायची, पडले. बायाही मान हलवायच्या, कारण त्याही अधूनमधून पडायच्या. तिची लेक नुपूर गोधडीत डोळे मिटून हे सगळं ऐकत ऐकत मोठी झाली. नुपूर हे नाव अंगणवाडीच्या बाईनं हौसेनं ठेवलेलं. पण त्या पोरीच्या तोंडून आवाज असा निघायचाच नाही.

एका हंगामात आबासाहेबानं कोयत्याची उलटी बाजू तिच्या खांद्यावर घातली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. तसल्या हाडानं तिनं दोन दिवस मोळ्या वाहिल्या. तिसऱ्या दिवशी फडातच कोसळली, आणि दवाखान्यात नेल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हाही ती म्हणाली, पडले. डॉक्टरीणबाई मात्र खमक्या निघाल्या. त्यांची भाची सुहासिनी दोह्यात अल मुंतझाला राहायची, नवरा गॅस कंपनीत. तिला घरात स्वयंपाकाला बाई हवी होती. पोरीला आश्रमशाळेच्या हॉस्टेलात टाकून बबीता विमानात बसली, आणि पुढं सुहासिनीच्याच ओळखीनं हजरा मॅडमकडं लागली.

हजरा मॅडम म्हणजे मोठं प्रस्थ. जन्म गयानाचा, दक्षिण अमेरिकेतल्या समुद्राकाठचा. तिचे पणजोबा-पणजी बिहारचे, गोऱ्यांनी जहाजात कोंबून ऊस तोडायला नेलेले. पुढच्या दोन पिढ्याही उसातच मेल्या. ही एकटी शिकली, लंडनला गेली, पुस्तकं लिहिली, आणि आता इथल्या विद्यापीठात लिहायचं कसं ते शिकवायची. साठी गाठलेली, केस आखूड, आवाज घोगरा. जगातल्या कुठकुठल्या भाषांत तिची पुस्तकं गेली होती. सुहासिनीनं तर तिच्यासोबतचा फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला होता.

बबीताला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्या पुस्तकांत काय आहे हे तिला सुहासिनीपेक्षा जास्त ठाऊक होतं. संध्याकाळी ती कणीक मळायची आणि हजरा ओट्याशी स्टूल घेऊन बसायची. नानीकडून आलेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत ती सगळं सांगायची. बाप उसात मुकादम होता, दिवसा माणसांना मारायचा आणि रात्री बायकोला. मजुरांच्या चाळीत लाकडाच्या फळ्यांच्या खोल्या होत्या, फळीपलीकडं सगळ्यांना ऐकू जायचं. शेजारणी विचारायच्या तेव्हा आई म्हणायची, गिर गयी. हजरा नऊ वर्षांची असताना एका दुपारी बापानं आईला दारातच कोयत्यानं तोडलं. पहिला घाव कानामागं बसला, दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला तिनं हात आडवा धरला, तर पंजा मनगटापासून लोंबला. हजरा तांदळाच्या पिंपामागं बसून हे बघत होती, आणि रक्त वाहत वाहत तिच्या पायापर्यंत आलं होतं. तिच्या प्रत्येक पुस्तकात ती बाई नवं नाव घेऊन येते आणि शेवटी दारात मरते.

बबीतानंही आपलं सांगितलं. दोघी रडल्या वगैरे नाहीत, रडायचा दोघींनाही कंटाळा होता. पण थंडीत बबीताचं मोडून जुळलेलं हाड ठणकायला लागलं की हजरा स्वतःच्या हातानं तेल गरम करून तिथं चोळायची. कुठं दाबलं की कळ जाते, कुठं दाबलं की जीव जातो, हे त्या बोटांना नेमकं माहीत झालं होतं. अशी मालकीण शोधून सापडायची नाही, असं बबीता फोनवर सगळ्यांना सांगायची, आणि ते खोटं नव्हतं.

एकदा हजरा टीव्हीवर बोलली. ती काय बोलली ते तिनंच बबीताला समजावून सांगितलं. माझ्या बापाचा हात माझ्याही अंगात आहे, ती म्हणाली होती, पण मी त्या हातात पेन दिलं, म्हणून तो आजवर कुणा माणसावर उठला नाही. बबीताला हे बोलणं फार आवडलं. तिनं ते नुपूरलाही सांगितलं, आणि नुपूर सवयीप्रमाणं हूं म्हणाली.

भिंतीवरच्या कोयत्याचं मात्र हजरा कधी बोलली नाही. बबीतानं विचारलं तर घरचा आहे, गयानाचा, एवढंच. त्यावर बबीतानं तिच्या परीनं अर्थ लावला, आणि सांगा, तिच्या जागी कोणीही दुसरा काय लावला असता? पणजोबानं ऊस तोडला, आजानं तोडला, त्यावरच घर जगलं, म्हणजे हा घराण्याचा कोयता. ही घरची लक्ष्मी, म्हणूनच काचेत ठेवलीय. फक्त बिचारीला कोणी रीत शिकवली नाही, म्हणून गंजू दिली.

तिकडं गावाकडं दसरा जवळ आला तशी बबीता बोटांवर दिवस मोजायला लागली. दसरा झाला की टोळ्या निघतात. आबासाहेब एकटा, म्हणजे अर्धा कोयता, आणि मुकादम त्याला दारात उभं करेना. म्हणून त्यानं चुलतभावाच्या मेहुण्याचं एक पोरगं बघून ठेवलं होतं. नुपूर नववीत. तिला हॉस्टेलातून काढायची, देवळात माळ घालायची आणि पुरा कोयता करून टोळीत न्यायची, असा त्याचा बेत. हॉस्टेलचे सर भले होते, पण त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. बाप न्यायला आला तर मी कुठल्या तोंडानं अडवू? पण पोरगी माझ्यासमोर नाही म्हणाली, तर मी गेट लावतो आणि पोलीस बोलावतो. तिनं तोंड उघडायला हवं, बाई.

आणि नुपूरचं तोंड म्हणजे कुलूप. बबीता तिला रोज फोनवर शिकवायची की सरांसमोर म्हण, मी जाणार न्हाई. पोरगी म्हणायची, हूं. ते हूं ऐकलं की बबीता पुन्हा पहिल्यापासून शिकवायची. हे कुलूप कोणी घातलं ते तिला ठाऊक होतं.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. हजराचं विद्यापीठात भाषण होतं, ती सकाळीच गेली. गावाकडं त्या दिवशी टोळीतले सगळे कोयते धुऊन, धार लावून, हळदीकुंकू वाहून ओळीनं मांडतात. टोळीतल्या मुसलमान शेखांच्या घरचे कोयतेसुद्धा त्याच ओळीत असायचे, हत्याराला कसली आलीय जात. यंदा नुपूरसाठी देवाला गाठायचं तर आजच, असं बबीताच्या मनानं घेतलं. तिच्याकडं कोयता नव्हता, पण घरात होता.

स्टुलावर चढून तिनं चौकट उतरवली, मागचे स्क्रू काढले. लिंबू, मीठ आणि तारेची घासणी घेऊन ती सिंकपाशी बसली. गंज चिवट होता, जागोजागी पापुद्रे धरलेले, मुठीच्या बेचक्यात तर काळं काहीतरी घट्ट वाळून बसलेलं. तिनं सुईनं टोकरून टोकरून ते काढलं. तांबडं पाणी सिंकमधून वाहत राहिलं. मग नजमा भागातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आदल्या शुक्रवारी स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी आणलेली कानस घेतली आणि धार लावली. मनगटावरची लव उडाली तेव्हा कुठं तिचं समाधान झालं. टेबलावरचे कागद बाजूला सारून तिनं धुतलेला पंचा अंथरला, त्यावर कोयता ठेवला, सुहासिनीनं दिलेला झेंडू वाहिला, गुळाचा खडा ठेवला. कुंकू ओलं करून पात्यावर पाच बोटं ओढली. ते जरा जास्तच पातळ झालं आणि धारेवरून ओघळलं. हात जोडून तिनं एकच मागितलं की माझ्या लेकराचं तोंड उघड. उठताना तिला वाटलं, मॅडम बघतील तर खूश होतील.

दुपारी हजरा आली. भाषण झकास झालं असणार, हातात भला मोठा फुलांचा गुच्छ होता आणि चेहरा उजळला होता. ती हसत हसत आत आली, टेबलाकडं वळली आणि तिथंच थांबली. समोर लखलखीत पातं आणि त्यावरून ओघळलेलं लाल. बबीता कौतुकानं सांगायला लागली की आज आमच्यात अशी रीत असते. तिचं वाक्य अर्ध्यात होतं तेव्हा पहिली थप्पड बसली.

थप्पड अशी की कानात शिट्टी वाजली. काय झालं हे कळायच्या आत हजरानं तिचे केस धरले आणि डोकं पुस्तकांच्या कपाटावर आदळलं. कोपरा भुवईत घुसला. डोळ्यासमोर लाल पडदा आला, गरम धार गालावरून मानेत उतरली. बबीता खाली पडली तर वरून लाथा बसायला लागल्या, बरगडीत, मांडीवर, पाठीत. आपल्याला मॅडम मारतायत हे डोक्यात शिरायला तिला वेळ लागला, पण अंगाला वेळ लागला नाही. अंगाला जुनी सवय होती. गुडघे पोटाशी गेले, दंड कानांवर आले, दात आवळले गेले. हजराच्या तोंडून शब्द निघत नव्हते, नुसता घशातून घर्रघर्र आवाज निघत होता. तिनं रिकामी चौकट उचलली आणि बबीताच्या पाठीवर घातली, काच फुटली, पुन्हा घातली, लाकूड मोडलं.

"मेरी माँ का खून था," ती शेवटी ओरडली. "पचास साल रखा था. तूने धो दिया."

खाली पडल्या पडल्या बबीताला कळलं. तो गंज, ते सुईनं टोकरलेलं काळं, ते सिंकमधलं तांबडं पाणी.  या बाईची आई मी माझ्या हातानं मोरीत सोडली, असं तिला वाटलं, आणि त्या एका क्षणी ती आणखी मार खायला तयार झाली. मारा, माझं चुकलंच, असं तिच्या ओठावरही आलं होतं.

पण मग हजरानं चौकटीची मोडकी फळी उचलली आणि नेम धरून मारली. कुठं मारली? त्याच हाडावर. जे आबासाहेबानं मोडलं होतं आणि जिथं या बाईच्या बोटांनी दोन हिवाळे तेल जिरवलं होतं, बरोबर त्या जागेवर. ती जागा जगात त्या दोघांनाच ठाऊक होती. बबीताच्या तोंडून गुरासारखा हंबरडा निघाला, आणि ती उठली. कशी उठली तिचं तिला ठाऊक. टेबलावर हात पडला तो मुठीवरच पडला, अंगठा झिजलेल्या जागी बसला, आणि कोयता वर गेला.

या हातानं जन्मभर ऊस तोडला होता. तो विचार करत नाही, बुंध्याला घाव घालतो आणि पुढच्या उसाकडं जातो. हजरानं वर बघितलं. तिनं फळी टाकली आणि हात आडवा धरला, मनगट पुढं, पंजा उघडा.

तो हात बघितला आणि बबीताला ते सगळं आठवलं, दार, तांदळाचं पिंप, लोंबणारा पंजा. कोयता खाली यायला निघाला होता, तो आता थांबणार नव्हता. तिनं सारं अंग पिळलं आणि घाव टेबलावर घातला. शिसवीचं टेबल, बोटभर आत रुतलं पातं. झेंडू उडाले, कागद सांडले. दोघी धापा टाकत एकमेकींकडं बघत राहिल्या.

दारावर थाप पडली. खालचा वॉचमन सुफियान, मुलतानचा, म्हातारा सज्जन माणूस. कोणीतरी शेजाऱ्यानं फोन केला असावा. बबीतानंच दार उघडलं, कारण दार उघडणं तिचं काम होतं. तिचं तोंड बघून सुफियान मागं सरकला. क्या हुआ बेटी, त्यानं विचारलं.

"गिर गयी, चाचा," बबीता म्हणाली.

विचार करून नाही म्हणाली. तिचं तोंड उघडलं आणि ते आपोआप बाहेर आलं. सुफियाननं तिच्या खांद्यावरून आत बघितलं, फुटकी काच बघितली, टेबलात रुतलेला कोयता बघितला, हजराकडं बघितलं. एवढी पुस्तकं लिहिणारी बाई, अन्याय म्हटला की व्यासपीठं हलवणारी, त्या वेळी गालिच्याकडं बघत उभी राहिली.  सुफियान जरा घुटमळला आणि लिफ्टकडं गेला. बोलून चालून वॉचमन तो, त्यानं आणखी काय करायचं?

दार लागतंय तोवर फोन वाजला. हॉस्टेलच्या सरांच्या फोनवरून नुपूर. व्हिडिओ होता आणि बबीतानं सवयीनं तो उचललाही.

"आई, पप्पा आलेत," पोरगी हळू आवाजात म्हणाली. "सर चहा पाजायलेत त्येंला. मला पेटी भर म्हनलेत." मग ती थांबली. तिला आईचं तोंड दिसलं होतं. "काय झालं?"

"काय न्हाई गं," बबीता म्हणाली. "पडले."

नुपूरनं तिच्याकडं बघितलं. रडली नाही, घाबरली नाही.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बबीता फोन धरून खाली बसली.  ते बरं तिला ठाऊक होतं. कोपीत सकाळी ती चुलीपाशी सुजलेलं तोंड घेऊन पडले म्हणायची तेव्हा गोधडीतून हेच बरं यायचं. ही पोरगी आता पेटी भरेल, बापामागं जाईल, माळ घालून घेईल, आणि पुढच्या हंगामात बायांनी विचारलं की म्हणेल, पडले. अवघ्या जन्मात बबीतानं लेकीला एकच धडा दिला होता आणि पोरीनं तो तोंडपाठ केला होता. तिनं पुन्हा फोन लावला, पुन्हा लावला. तिकडं कोणी उचलेना.

भुवईतलं रक्त थांबत नव्हतं. हजरा टॉवेलात बर्फ घेऊन आली, माफ कर, माफ कर म्हणत गुडघ्यावर बसली. बबीतानं टॉवेल घेतला आणि माफी तशीच पडू दिली. टाके घालावे लागतील, चल, असं म्हणून हजरानं तिला गाडीत घातलं. वाटेत बबीता नंबर दाबत होती आणि हजरा एकसारखी बोलत होती. मला काय झालं मला कळलं नाही. मी माझ्या बापासारखी नाही. मग दवाखान्यापाशी गाडी थांबवून ती म्हणाली, डॉक्टर पूछेगा, आणि वाक्य तिथंच सोडलं. मग बबीताकडं बघत राहिली. त्या बघण्यात काय होतं ते बबीताला कळलं. आबासाहेब सकाळी दारू उतरल्यावर असंच बघायचा. त्यालाही तोच एक शब्द हवा असायचा.

डॉक्टर सुदानचा होता, तरुण, त्याला अरबी आणि इंग्रजी यायची. त्यानं जखम धुतली, गळ्याजवळचं हाड हळूच दाबून बघितलं, पाठीतली काच चिमट्यानं काढली. हे एका पडण्याचं काम नाही हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं काहीतरी विचारलं. हजरानं ते खाली मान घालून हिंदीत सांगितलं, पूछता है कैसे लगा.

बबीतानं डोळे मिटले. इथून काढून टाकलं तर परत जायचं कुठं, त्याच कोपीत? सुहासिनीवहिनी काय म्हणतील? कोयता मीही उचलला, तो टेबलात तसाच रुतलाय, पोलीस काय म्हणतील? सगळं डोळ्यापुढं आलं. मग ते बरं आठवलं.

"मैं गिरी नहीं," ती म्हणाली. "इसने मारा. तुम बोलो उसको, अंग्रेजी में."

हजरा बोलेना. डॉक्टर दोघींकडं आळीपाळीनं बघत होता.  जन्मभर त्या बाईनं हजारो वाक्यं लिहिली असतील, पण दारात मेलेल्या बाईच्या वतीनं. मारणाऱ्याच्या तोंडचं वाक्य तिला आजवर लागलं नव्हतं. बबीता तिच्या ओठांकडं बघत राहिली. तिनं मदत केली नाही.

"आय हिट हर," हजरा म्हणाली. मग डॉक्टरला ऐकू गेलं नसेल म्हणून की काय, पुन्हा मोठ्यानं म्हणाली.

डॉक्टरनं सुई खाली ठेवली. तिला पोलिसांत तक्रार करायची आहे का, त्यानं विचारलं, आणि तेही हजरालाच सांगावं लागलं. बबीतानं हात वर करून त्याला थांबवलं. फोन लागला होता. तिकडं नुपूर होती, मागं लोखंडी पेटी ओढल्याचा आवाज येत होता.

"नुपूर, फोन ठिवू नगं, ऐक. मघाशी खोटं बोलले मी. पडले न्हाई. मॅडमनी मारलं मला." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आन् पप्पा मारायचे तवाबी म्या कंदीच पडले नव्हते."

"ठावं हाय मला," नुपूर म्हणाली.

"आज डॉक्टरला सांगितलं म्या. जिनं मारलं तिच्याच तोंडानं वदवलं."

 बबीताला वाटलं, फोन कट झाला. मग चपलांचा आवाज आला, दार करकरलं, पुरुषांचं बोलणं जवळ आलं. पोरीनं फोन हातातच धरला होता. आबासाहेबाचा आवाज आला, आवर की गं, गाडी थांबलीय. आणि मग एक आवाज आला जो बबीतानं जन्मात एवढा मोठा ऐकला नव्हता.

"मी येत न्हाई."

काय म्हणालीस, असं आबासाहेब म्हणाला, आणि पाठोपाठ फाडकन थोबाडीत बसल्याचा आवाज आला. तो आवाज बबीताला नीट ओळखू येत होता. तिच्या स्वतःच्या गालावर ती चपराक उमटली. फोन खाली पडला, खडखडला. आता पोरगी गप्प होणार, आता बरं म्हणणार. बबीतानं खुर्चीचा दांडा असा आवळला की नखं पांढरी झाली.

"सर, ह्यांनी मला मारलं," नुपूरचा आवाज दुरून आला, रडका होता पण तुटत नव्हता. "तुमच्या म्होरं मारलं. मी जानार न्हाई. मला लगीन करायचं न्हाई."

सरांचा आवाज चढला. त्यांनी शिपायाला हाक मारली, गेट लाव म्हणाले, आबासाहेबाला पेटी खाली ठेवायला सांगितलं. आबासाहेबाच्या शिव्या चालू होत्या, पण त्या हळूहळू लांब जात होत्या. कोणीतरी फोन उचलला आणि व्हिडिओ लावला. नुपूर होती, धापा टाकत होती, आणि तिच्या नाकातून रक्त आलं होतं.

"आई," ती म्हणाली, "सर हापिसातल्या फोनवरनं पोलिसला लावायलेत."

"लावू दे," बबीता म्हणाली. "काय काय झालं ते सगळं सांग. पडले म्हनू नगं."

तिनं फोन मांडीवर ठेवला, चालूच ठेवला. हजरा शेजारी भिंतीला टेकून उभी होती. क्या हुआ, तिनं घोगऱ्या आवाजात विचारलं. बबीतानं तिला सांगितलं की माझ्या पोरीला बापानं मारलं आणि तिनं ते सगळ्यांसमोर सांगितलं. हजराचे डोळे भरून आले. तिनं हात पुढं केला, बबीताच्या खांद्याकडं, त्याच जागेकडं, आणि बबीता बाजूला सरकली.

"अब इसको बोलो, पुलिस को बुलाए," ती डॉक्टरकडं बोट करून म्हणाली. "मैंने कोयता उठाया, वो भी बोलो. और तुमने जो किया, वो भी."

हजरानं डोळे पुसले आणि डॉक्टरला ते सगळं इंग्रजीत सांगितलं.